ताईचं हक्कसोड

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
३ फेब्रुवारी २०२५

ताई,

जयभीम.

तुझा मोबाइलवरचा आवाज परवा ऐकला. सहा मिनिटांचा निरोप. आपण सहा वर्षं बोललो नाही, म्हणजे वर्षाला एक मिनिट आलं. तरी ऐकला, दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा यांनी ऐकला म्हणून मीही ऐकला.

उत्तर कागदावर देते आहे. वकीलसाहेबांच्या ऑफिसात तीस वर्षं टायपिंग केल्यावर तोंडी बोलण्यावरचा माझा विश्वास उडाला आहे. स्पीड पोस्टानं पाठवते. विनिपेगला पोचायला पंधरा-वीस दिवस लागतील, तोवर बर्फ बघत बस.

तू जे विचारलंस ते मला समजलं ते असं. नोकरी संपली. भाऊजी गेले. सम्यक म्हणतो, आई, म्हाताऱ्यांच्या सोसायटीत खोली घे, तिथं नर्स असते. आणि तू म्हणतेस की मी स्वतः एकतीस वर्षं नर्स होते, मला आता नर्स नको, पिशोर पाहिजे. आपल्या शेताला लागून सांडूमामांची दोन एकर विकायला निघाली आहे असं तुला कुणीतरी कळवलं. ती घ्यायची, आपल्या विहिरीजवळ दोन खोल्या बांधायच्या आणि उरलेले दिवस तिथं काढायचे. "निशे, तुला रूल ठाऊक असतील, बघून सांग ना गं."

बघायची गरज नाही, ठाऊक आहेत. तू आता कॅनडाची नागरिक. ते ओसीआय कार्ड आहे तुझ्याजवळ, त्यावर तू जन्मभर इथं येऊ शकतेस, राहू शकतेस, फ्लॅट घेऊ शकतेस, दुकान घेऊ शकतेस. शेतजमीन विकत घेऊ शकत नाहीस. फळबाग नाही, फार्महाऊस नाही. सांडूमामांना दया आली आणि त्यांनी फुकट दिली, तरी घेऊ शकत नाहीस. परदेशी नागरिकाला शेतजमिनीचं बक्षीसपत्रसुद्धा चालत नाही.

हे लिहिताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. जे मला मिळू शकतं ते तुला मिळू शकत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा घडतंय. लहानपणी नवा फ्रॉक तुला, तो आखूड झाला की मला. दादांनी तुला सायकलवर बसवून कॉलेजला सोडलं, मग घाटीच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंगला घातलं. माझी पाळी आली तेव्हा मास्तरकीच्या पगारात एकीचंच शिक्षण बसत होतं, म्हणून मला शहागंजच्या टायपिंग क्लासात. बाजेवरसुद्धा भिंतीकडची बाजू तुझी आणि कडेची माझी. रात्रीतून खाली पडायची ती मीच. आता कायद्यानं तुला कडेला आणलंय, तर मला जरा बघू दे.

फ्लॅट घे. आमच्या गल्लीच्या टोकाला नवी बिल्डिंग झाली आहे, दुसऱ्या मजल्यावरून हर्सूलचा तलाव दिसतो. जेलची भिंतही दिसते, पण खिडकीत कुठं उभं राहायचं ते आपल्या हातात असतं. आमचे हे म्हणतात, "ताईला लिही, ये म्हणावं हर्सूलला, रोजची भाजी मी आणून देत जाईन." एसटीचं स्टिअरिंग सुटल्यापासून त्यांना कुणाला ना कुणाला कुठंतरी पोचवायचं असतं.

मी काही ये म्हणत नाही. रूल विचारलेस, ते सांगितले.

निशा


हर्सूल
१ मार्च २०२५

ताई,

तुझा दुसरा निरोप मिळाला. रडत बोलतेस तेव्हा निम्मं समजत नाही. पण एवढं समजलं की तुला पिशोरच्या शेतातले माझ्या नावावरचे दोन गुंठे पाहिजेत. "तू दे ना मला, बहीण बहिणीला देती त्यात काय."

मागचं पत्र नीट वाच. बक्षीस चालत नाही असं मी लिहिलं होतं. मग ते सांडूमामांचं असो, माझं असो, नाहीतर कुणाचं. तुझ्यासारखीला शेतजमीन मिळायचा एकच रस्ता आहे, तो म्हणजे वारसा. वारशानं आलेली जमीन परदेशी नागरिक झालीस तरी तुझी राहते, कुणी काढून घेऊ शकत नाही. म्हणजे माझे दोन गुंठे तुला हवे असतील तर मी आधी मरायला पाहिजे, तेही मृत्युपत्र करून. साठीला आलेय, पण एवढी घाई नाही मला.

आता तू विचारशील, मग दादांची जमीन? ती तर वारशानंच आली होती. आली होती. पण तू ती सोडलीस.

आठवतो का तो दिवस? बारा वर्षं झाली. दादांचा जलदान विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर सतरंजी टाकली. तुझं विमान रविवारचं. भूषण आपल्या दोघींपेक्षा लहान, तो खाली मान घालून बसलेला, बोलणं सगळं त्याच्या बायकोचं. बहिणी हक्कसोड करतात, बापाच्या जमिनीवरचं आपलं नाव काढून भावाला देतात, ही रीतच आहे, ताईंना काय कमी आहे तिकडं. तू पूर्ण ऐकूनही घेतलं नाहीस. "कुठं सही करू?" म्हणालीस. कागद मीच ऑफिसातून टाइप करून आणला होता, कारण घरात टायपिस्ट मी. तू सही केलीस आणि भावजयीनं तुला साडी नेसवली, जांभळी, चार बोटं जरीच्या काठाची. गल्लीतल्या बाया जमल्या. करुणा म्हणजे लई मोठ्या मनाची, असं जो तो म्हणायला लागला. आईनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला.

मग कागद माझ्यापुढं आला आणि मी नाही म्हटलं.

का म्हटलं ते तू कधी विचारलं नाहीस. मी तोवर सातशे-आठशे हक्कसोड टाइप केले असतील. आठवड्याला एक तरी बाई यायची, नवी साडी नेसून, भावाच्या गाडीवर मागं बसून. अंगठा द्यायची, चहा प्यायची, जायची. त्यातल्या काही वर्षा-दोन वर्षांनी परत यायच्या, एकट्या, बसनं. नवरा गेलेला असायचा, नाहीतर सासरनं काढलेलं असायचं. "बाई, ते माघारी घेता येतं का वो?" माघारी घेता येत नाही. हे मला शंभरदा सांगावं लागलंय. म्हणून माझा हात उचलला गेला नाही. जमिनीचा लोभ नव्हता, आणि असला तरी दादांच्या पोरीला का नसावा?

त्या दिवसापासून मी हावरी. माझं नाव सातबाऱ्यावर आहे म्हणतात, आहे. पण बारा वर्षांत त्या शेतातली बाजरीची एक पायली माझ्या घरी आली नाही. जयंतीचं बोलावणं नाही. आई आजारी पडली तेव्हा मी गेले, तर दारात मला पाणी विचारलं, पाहुणीला विचारतात तसं. आई उशाखालून तुझा फोटो काढायची आणि मला दाखवायची. मला! मी समोर बसलेली असताना. "करुणा येती म्हणली, व्हय गं?" मी हो म्हणायचे. तिचं अंग मी पुसत होते आणि ती वाट तुझी बघत होती.

आणि तिच्या जलदान विधीला तू आलीस, भूषणकडे उतरलीस, माझ्याकडे एक तास चहाला. खुर्चीच्या टोकावर बसलीस, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणालीस, "निशे, तू पण सोडून दे ना, कशाला भांडती?" त्याच्यानंतर मी तुझ्याशी सहा वर्षं बोलले नाही. आता तरी समजलं ना.

तेव्हा तुझ्या जमिनीचं मला विचारू नकोस. मोठं मन तुझं होतं, निभाव.

निशा


हर्सूल
२२ मार्च २०२५

ताई,

तुझ्या निरोपांना उत्तर द्यायला उशीर झाला. इकडं एक गंमत झाली.

भूषण आला होता. रविवारी सकाळी बेल वाजली, मी समजले दूधवाला. दार उघडलं तर हा उभा. केस सगळे पांढरे झालेत, दादांसारखे.

"निशाताई, मीच हाय. आत तर येऊ दे."

यांनी लगेच पंखा लावला, खुर्ची पुसली. बारा वर्षांचा राग धरायचा ते एक माझ्याच वाट्याला आलंय. भूषण बसला, घोटभर पाणी प्याला आणि पिशवीतून साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"तुझ्या भावजयीनं पाठविली. म्हणली, बारा वर्षं झाली, आता किती दिवस धरून बसायचं? जयंतीला ये पिशोरला. पोरं म्हंत्यात, आत्या कशी दिसती तेबी इसरलो आमी."

साडी मोरपंखी आहे. काठ दोन बोटांचा. तुझा चार बोटांचा होता, मी मोजला होता. पण रंग माझा तुझ्यापेक्षा चांगला, हे तू आलीस की बघशील. मी ती दोनदा नेसून पाहिली. हे म्हणाले, "आरशाला आता सोड, बिचारा दमला." मी हसले, आणि मग उगाच डोळ्याला पाणी आलं. माहेरची साडी, ताई. तुझ्याकडे पेटीभर असतील.

त्याचं थोडं ऑफिसचं काम होतं, तेही सांगितलं त्यानं. बघते म्हटलं.

तू मे महिन्यात येतेस असं तो म्हणाला. ये. नेहमीसारखी त्याच्याकडेच उतर, तुझी सोय तिथं चांगली होते. फ्लॅटची घाई करू नकोस, तो कुठं पळून चाललाय? आणि रूलबिल डोक्यात घेऊन बसू नकोस. मी लिहिलं ते लिहिलं, आता झालं गेलं. भूषण एखाद्या कागदाचं बोलला तर तेव्हाचं तेव्हा बघू.

या वेळी जयंतीला पिशोरात मी असणार आहे आणि तू नसणार. बघू कसं वाटतं ते.

निशा


हर्सूल
१६ एप्रिल २०२५

ताई,

हे पत्र जाड आहे, आत आणखी कागद आहेत. ते शेवटी बघ. आधी हे वाच, उभ्या-उभ्या नको, बसून.

परवा जयंती झाली. मी मोरपंखी साडी नेसून गेले. यांनी निळा फेटा बांधला होता, तो बसमध्ये तीनदा सुटला. विहारात वंदनेला मी पुढच्या रांगेत होते. भावजयीनं खीर वाढली, वरून तूप घातलं, "ताई, अजून घ्या" म्हणाली. मला ताई म्हणाली. मिरवणुकीत गीताबाईनं, आपल्या शेजारच्या, माझा हात धरला. मला वाटलं, सुटले. बारा वर्षांचं सगळं धुऊन निघालं.

गीताबाई म्हणाली, "आलीस व्हय गं निशा. बरं झालं. आन् करुणा कवा येती? लई मोठ्या मनाची ती. आमी अजून नाव काढतो तिचं."

माझी साडी, माझी जयंती, माझी खीर. आणि नाव तुझं. घरात गेले तर भिंतीवर दादा-आईच्या फोटोशेजारी तुझा फोटो, जांभळ्या साडीतला, सही केली त्या दिवशीचा. मी त्या फोटोत होते. कापलेला आहे. खांद्यापाशी माझ्या पदराचा तुकडा दिसतो.

दुपारी पोरं नाचत होती तेव्हा मी एकटी शेतात गेले. विहिरीच्या चहूकडून चुन्याच्या रेषा मारल्या आहेत. लाकडी खुंट्या ठोकल्या आहेत, त्यांवर नंबर. विहीर चौदा नंबरच्या प्लॉटात येते. ती बुजवणार. आईच्या माहेरी तिच्या लहानपणी विहिरीवर लांब उभं राहून, दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी घ्यावं लागायचं. म्हणून दादांनी जमीन घेताना माती नाही बघितली, आधी विहीर बघितली. पहिली घागर आईनं स्वतः शेंदली, आणि ओतायला कुणी नाही म्हणून ती हसत सुटली, ही गोष्ट तूच मला भिंतीकडच्या बाजूनं सांगायचीस.

आता मागच्या पत्रात जे गाळलं ते लिहिते. भूषण मार्चमध्ये आला तो साडी द्यायला नव्हता आला. तो असं म्हणाला होता:

"रोडकडचा, इहिरीचा तुकडा प्लॉटिंगवाल्याला देतोय. त्याचा वकील म्हंतो, करुणाताईचं नाव सातबाऱ्यावर अजून हायच. म्या म्हणलं, तिनं तर कवाच सोडलं. तो कागद तुझ्याकडंच होता ना?"

मी म्हटलं, तो कागद आता काही कामाचा नाही.

"मंग नवा टाइप कर. ताई मे मध्ये येती. ती काय नाय म्हणणार हाय व्हय? इहिरीकडचे दोन हिस्से माझा न् तिचा, माळाकडचा तुझा तुला मोजून देतो. फकस्त तिला ते रूल सांगत बसू नको. उगं तिच्या डोक्याला ताप."

त्याला मी दुष्ट म्हणत नाही. आईचं हागणंमुतणं त्यानं आणि त्याच्या बायकोनं काढलं, शेतात पाठ मोडली ती त्यानं. मी फक्त टाइप करते. आणि मी टाइप केलं, ताई. तीन पानं. तुझं नाव तीन ठिकाणी येतं, माझं बोट कुठंही अडखळलं नाही. एका साडीवर आणि एका जयंतीवर मी तुला विकायला तयार झाले होते.

आता त्याहून मोठं. तू सही केलीस आणि रविवारी विमानात बसलीस. हक्कसोड नुसत्या सहीनं होत नाही, रजिस्ट्री ऑफिसात नोंदवावं लागतं, तेही सहीपासून चार महिन्यांच्या आत. तू मला म्हणाली होतीस, "निशे, तिकडून काय मुखत्यारपत्र पाठवायचं ते कळव, बाकी तू बघ." मी कळवलं नाही. ऑगस्टमध्ये तू फोनवर विचारलंस, झालं का? मी म्हटलं, झालं. भूषणलाही तेच सांगितलं. मुदत गेली होती. तो स्टॅम्पपेपर बारा वर्षं माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे.

तुझं भलं व्हावं म्हणून मी हे केलं असं समजू नकोस. ओसीआय म्हणजे काय ते तेव्हा मला धड ठाऊक नव्हतं, तू म्हातारपणी परत येशील हे तर स्वप्नातही नव्हतं. मला बघवत नव्हतं. तू एक सही करून जन्मभराची मोठी झालीस आणि मी न करून जन्मभराची हावरी. तुझा मोठेपणा सरकारी शिक्का मारून पक्का व्हावा, आणि तो शिक्का मारायला मीच धावपळ करावी? माझ्या पोटात दुखलं. म्हणून कागद दाबून ठेवला. गाव तुझे गोडवे गायचं तेव्हा मी मनात म्हणायचे, गा, गा, तिनं काहीच सोडलेलं नाही.

म्हणजे जमीन तुझीच आहे. दादांकडून आली तशी, आईच्या हिश्श्यातलीही. कॅनडाचा पासपोर्ट असला तरी. दोन खोल्या बांधायला तुला सांडूमामांचं काही नको.

काल ऑफिसात गेले आणि ती तीन पानं फाडली. विहिरीसाठी फाडली असं लिहिलं तर चांगलं दिसेल, आणि थोडं ते आहेही. पण खरं सांगते, गीताबाईचं बोलणं डोक्यातून जाईना. एकदा सोडलंस तर फोटो भिंतीवर लागला. दुसऱ्यांदा सोडलंस तर पिशोरात तुझा पुतळाच उभा करतील, आणि मी कुठं तोंड दाखवू?

आत दोन कागद आहेत. एक कालचा सातबारा. तिघांची नावं आहेत, तुझं सगळ्यात वर, तिथंसुद्धा. दुसरा तुझ्या सहीचा स्टॅम्पपेपर. त्याच्यात आता काही जोर नाही, पण तो तुझा आहे, म्हणून तुझ्याकडे. मे मध्ये भूषण दुसऱ्या कुणाकडून नवा करून आणेल. सही करायची की नाही ते तू ठरव, मी सांगणार नाही. फक्त आधी ठाऊक नव्हतं असं या वेळी म्हणता येणार नाही.

केलीस तर साडी मिळेल. नाही केलीस तर काय होईल ते मला तोंडपाठ आहे. चिकलठाण्याला विमानतळावर तुला घ्यायला भूषणची गाडी येणार नाही. फोटो उतरेल. गीताबाई म्हणेल, परदेशात राहून बी हाव सुटली नाय. जयंतीचं बोलावणं बंद. विहिरीजवळ खोल्या होईपर्यंत तुला पिशोरात कुणी पाणी विचारणार नाही. मला वाईट वाटायला पाहिजे, पण अजून तरी वाटत नाही.

विमानतळावर हे येतील, रिक्षा घेऊन. नक्की येतील, आत्ताच फेटा इस्त्रीला टाकलाय. आमच्या दोन खोल्या आहेत, आतल्या खोलीत पलंग आहे. तिथं आपण दोघी झोपू, हे बाहेर. पण एक आत्ताच लिहून ठेवते, नंतर वाद नको. या वेळी भिंतीकडची बाजू माझी.

निशा